सैनिकाच्या रायफलीची वॉरंटी कोणाकडे?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणारा रस्ता मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी अशी गावे मागे टाकीत चौकला पोहोचतो. गाव कोळ्यांचे. गावालगतच्या टेकडीवर जंजिरे धारावीचे अवशेष आहेत आणि तेथे उभे राहिले की खाडीपलीकडे वसईचा कोट दिसतो. वसईची सागरी रसद तोडायची तर ही टेकडी हाती असली पाहिजे, हे चिमाजी आप्पांनी ओळखले होते. म्हणूनच या लहानशा ठाण्यासाठी मराठे आणि पोर्तुगीज पुन:पुन्हा झुंजले. अखेर मार्च १७३९ मध्ये धारावी मराठ्यांच्या हाती आली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसईने शरणागती पत्करली.

हा विजय आपल्या घराघरांत सांगितला जातो. त्याचा एक तपशील मात्र सहसा कोणी सांगत नाही. वसईच्या अंतिम हल्ल्यात तटाखाली सुरुंग पेरण्यात आले होते. ग्रँट डफने दिलेल्या वर्णनानुसार तीनपैकी दोन सुरुंग उत्तम उडाले आणि तटाला खिंडार पडले. आघाडीची तुकडी विजयाच्या आवेशात खिंडारात घुसली आणि नेमका त्याच क्षणी तिसरा सुरुंग उडाला. शेकडो मराठे वीर हवेत फेकले गेले. शत्रूच्या तोफेने नव्हे, आपल्याच दारूने.

या घटनेला पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. काळ बदलला, राज्य स्वकीयांचे झाले, पण आपल्याच दारूने आपलीच माणसे मरण्याचे थांबले आहे काय?

३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. आग विझविण्यासाठी धावलेले अग्निशामक दलाचे कर्मचारी आणि दोन लष्करी अधिकारी यांच्यासह पंधराहून अधिक जणांनी त्या रात्री प्राण गमावले. तेव्हा सीमेवर युद्ध नव्हते. भांडारात ठेवलेल्या रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक द्रव्य झिरपत होते, ही तक्रार लष्कराची जुनीच होती. या दुर्घटनेनंतर मुदत संपण्यापूर्वीच मोडीत काढाव्या लागलेल्या सुरुंगांची किंमत सुमारे ३०३ कोटी रुपये होती, असे २०२० मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालेल्या लष्कराच्या अंतर्गत टिपणात म्हटले होते. त्याच टिपणाप्रमाणे २०१४ पासून सदोष दारूगोळ्यापायी झालेले नुकसान ९६० कोटींचे. अपघात ४०३. मृत २७ आणि जखमी १५९. एवढ्या रकमेत मध्यम पल्ल्याच्या शंभर तोफा आल्या असत्या, अशी पुस्तीही त्यात होती. आयुध निर्माणी मंडळाने हे आरोप मान्य केले नाहीत. अपघातांना हाताळणी, देखभाल, साठवणूक अशी इतरही कारणे असतात, असे मंडळाचे म्हणणे. वादापुरते तेही मान्य करू. पण मग प्रश्न असा उरतो की, दोष कोणाचा हे ठरविणारा कोण? आणि दोष ठरल्यावर भरपाई करणारा कोण?

आपल्या घरात मिक्सर येतो तेव्हा खोक्यात एक कार्ड असते. दुकानदार त्यावर तारीख घालतो, शिक्का मारतो. वर्षभरात भांडे गळू लागले तर गृहिणी ते कार्ड घेऊन दुकानात जाते, प्रसंगी दोन शब्द सुनावते आणि बहुधा नवे भांडे घेऊनच परतते. दुकानदाराने हात वर केले तर ग्राहक आयोग आहे. बिंदुमाधव जोशी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ग्राहक चळवळीत आयुष्य वेचले म्हणून हा अधिकार मध्यमवर्गीय घराला मिळाला. ज्या घरातील मुलगा सैन्यात आहे त्या घरानेही हे कार्ड पाहिलेले असते. त्या मुलाच्या हातातील नव्या कोऱ्या रायफलीचे कार्ड मात्र त्या घराने कधी पाहिलेले नसते.

इन्सासचा धडा

रायफलीचीच गोष्ट घेऊ, कारण ती प्रत्येक जवानाच्या हातात असते. इन्सास रायफलीचा आराखडा आपल्या पुण्याच्या पाषाण येथील आयुध संशोधन व विकास आस्थापनेत तयार झाला. उत्पादन प्रामुख्याने बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यात झाले. तिची ५.५६ मिलिमीटरची काडतुसे भुसावळजवळच्या वरणगावच्या कारखान्यात तयार होऊ लागली. म्हणजे ही रायफल अर्धीअधिक मराठी मुलखाची म्हणावी अशी. १९९८ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती राजपथावर दिमाखाने मिरविली तेव्हा प्रत्येक स्वदेशीप्रेमी माणसाची छाती फुगली होती. ते योग्यच होते. १९६२ मध्ये जुन्या थ्री नॉट थ्री रायफली घेऊन हिमालयात उभ्या राहिलेल्या जवानांची आठवण ज्या पिढीला होती आणि कृष्ण मेनन यांच्या काळात आयुध कारखान्यांतून कॉफीची यंत्रे निघतात ही टीका जिने ऐकली होती, त्या पिढीला तो क्षण मोलाचा वाटला, तर नवल नाही.

पण पुढच्याच वर्षी कारगिल घडले. उणे तापमानात इन्सासचे प्लास्टिकचे मॅगझिन तडकू लागले. गोळ्या अडकू लागल्या. तीन गोळ्यांच्या झडीवर ठेवलेली रायफल थांबेचना, अशा तक्रारी आल्या. गोळी झाडताना तेल उडून नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत जाई, हीही तक्रार होती. तोलोलिंगच्या किंवा टायगर हिलच्या कड्यावर लटकलेल्या जवानाच्या डोळ्यांत तेल जाणे म्हणजे काय, याची कल्पना वातानुकूलित कचेरीत बसून येणार नाही.

पुढे सुधारणा झाल्या, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. नवी आवृत्ती आली, मॅगझिन बदलले. नेमाच्या अचूकतेविषयी इन्सासला चांगले म्हणणारे जवानही भेटतात. तथापि तक्रारींचा ओघ थांबला नाही. नक्षलग्रस्त भागात लढणाऱ्या केंद्रीय राखीव पोलीस दलाने रायफल वारंवार अडकते म्हणून २०१४ च्या सुमारास ती बदलून मागितली आणि त्यांच्या हाती एके जातीच्या रायफली द्याव्या लागल्या.

त्याआधी ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळमधील कालिकोट जिल्ह्यात पिली येथे माओवाद्यांच्या हल्ल्यात तेथील सेनेचे ४३ जवान मारले गेले. भारताने सवलतीने पुरविलेल्या इन्सास रायफली ऐन लढाईत बंद पडल्या, असे नेपाळी सेनेच्या प्रवक्त्याने जाहीरपणे म्हटले. आपल्या बाजूने उत्तर गेले ते असे की, रायफल नीट वापरली गेली नसावी. नेपाळी सेनेने आपले अपयश झाकण्यासाठी रायफलीवर खापर फोडले असेलही. ती शक्यता नाकारता येत नाही. परंतु त्या उत्तराचा सूर ओळखीचा वाटतो ना? मिक्सरचे भांडे घेऊन गेलेल्या गृहिणीला आडमुठा दुकानदार हेच सांगतो : तुम्हाला वापरता येत नाही.

एकाच छताखाली

हे का घडत राहिले? कारागीर वाईट होते म्हणून? मुळीच नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. देहूरोड, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, अंबाझरी, भंडारा, चंद्रपूर येथे पिढ्यान्पिढ्या आयुध कारखान्यांत काम करणारी मराठी कुटुंबे आहेत आणि त्यांतील अनेक या साप्ताहिकाचे वाचक असतील. त्यांच्या हातातील कौशल्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. याच इशापूरने साठच्या दशकापासून सेल्फ लोडिंग रायफल बनविली आणि १९७१ च्या युद्धात ती जवानांच्या हाती होती. जुना माणूस आजही त्या रायफलीचे नाव आदराने घेतो.

दोष व्यवस्थेत होता. २०२१ पर्यंत लष्कर आयुध निर्माणी मंडळाला जी मागणी देई तिला ‘इंडेंट’ म्हणत. तो करार नव्हता. एका सरकारी खात्याने दुसऱ्या सरकारी खात्याला पाठविलेले ते मागणीपत्र होते. सदोष माल बदलून वा दुरुस्त करून देण्याची पद्धत होती. पण खासगी पुरवठादाराला उशिरासाठी, निकृष्ट मालासाठी जो दंड बसतो तो येथे कोणाला बसणार? पैसा या खिशातून त्या खिशात. दंड झालाच तर तोही सरकारी तिजोरीतून सरकारी तिजोरीत. आपल्याच घरच्या दुकानातून उधारीवर माल आणणाऱ्या गिऱ्हाइकासारखी लष्कराची स्थिती होती. तक्रार करता येई, पण दुसऱ्या दुकानात जाता येत नसे.

त्याहून गंभीर गोष्ट तपासणीची. रायफल कारखान्यातून निघते तेव्हा ती नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस झाडून पारखली जाते. नळी, बोल्ट यांना तडा नाही ना, हे पाहून मगच तिच्यावर निरीक्षकाचा शिक्का उमटतो. काडतुसांचे तर प्रत्येकी परीक्षण शक्यच नसते. झाडलेले काडतूस संपलेच. म्हणून प्रत्येक खेपेतील नमुने झाडून संपूर्ण खेपेचा निर्णय होतो. हे काम गुणवत्ता आश्वासन महानिदेशनालयाचे. आणि हे महानिदेशनालय कोणाच्या अधीन? संरक्षण उत्पादन विभागाच्या. आयुध कारखाने कोणाच्या अधीन? त्याच संरक्षण उत्पादन विभागाच्या! प्रश्नपत्रिका काढणारा, परीक्षा देणारा आणि गुण देणारा एकाच घरातला. २०२४ मध्ये या महानिदेशनालयाची पुनर्रचना झाली, परंतु घर तेच राहिले आहे.

निरीक्षकाची नजर चुकली की काय होते, याचे उदाहरण रायफलीबाहेरचे असले तरी बोलके आहे. जबलपूरच्या कारखान्यात ‘धनुष’ तोफ तयार होत होती. तिच्यासाठी जर्मन म्हणून पुरविलेली बेअरिंगे प्रत्यक्षात चिनी बनावटीची असल्याचा आरोप झाला आणि २०१७ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदविला. ज्या शेजाऱ्याविरुद्ध तोफ रोखायची त्याच शेजाऱ्याच्या मालाचे तिच्यात बेअरिंग! कथेत कोणी असे लिहिले असते, तर संपादकांनी अतिशयोक्ती म्हणून परत पाठविले असते.

दोन पळवाटा

या विषयावर बोलू लागले की दोन बाजूंनी दोन आवाज येतात. एक म्हणतो, स्वदेशी आहे, थोडे सांभाळून घ्या, उणिवांची जाहीर चर्चा केली की शत्रूला आनंद होतो. दुसरा म्हणतो, आम्ही आधीच सांगत होतो, सरकारी कारखान्यांतून भंगारच निघणार, सरळ परदेशातून आणा. हे दोन्ही आवाज सैनिकाच्या हिताचे नाहीत.

पहिल्या आवाजाला उत्तर असे की, स्वदेशी हे सवलतीचे नाव नव्हे. लोकमान्यांनी स्वदेशीची हाक दिली ती देशाने स्वत:च्या पायावर उभे राहावे म्हणून. लंगडत उभे राहावे म्हणून नव्हे. शत्रूला आनंद तक्रारीच्या चर्चेने होत नाही, जाम झालेल्या रायफलीने होतो. अमेरिकेच्या एम-१६ रायफली व्हिएतनाममध्ये अडकू लागल्या तेव्हा जवानांनी घरी पत्रे लिहिली, ती पत्रे लोकप्रतिनिधींपर्यंत गेली आणि १९६७ मध्ये ऐन युद्धकाळात तेथील प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने उघड चौकशी केली. काडतुसातील बदललेली दारू आणि नळीच्या आतला क्रोमचा मुलामा गाळण्याची काटकसर, ही दोन कारणे पुढे आली. मुलामा चढविला गेला. त्या चौकशीने अमेरिकेची सेना दुबळी झाली, असे कोणी म्हणत नाही.

दुसऱ्या आवाजाला उत्तर जर्मनीत आहे. आणि ते आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याचे असल्यामुळे थोडे सविस्तर पाहू. जर्मन सैन्याची जी-३६ ही रायफल हेकलर अँड कोख या नामांकित कंपनीची. नळी तापली की तिचा नेम ढळतो, असे तक्रारदारांचे म्हणणे होते. २०१५ मध्ये जर्मनीच्या तत्कालीन संरक्षणमंत्र्यांनी, या रायफलीला सैन्यात भविष्य नाही, असे जाहीर करून टाकले. सरकारने काही हजार रायफलींच्या खरेदीपोटी कंपनीकडे वॉरंटीचा दावा लावला. प्रकरण कोब्लेंट्झच्या न्यायालयात गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये निकाल लागला तो कंपनीच्या बाजूने! करारात जे मागितले होते ते कंपनीने दिले होते. तापलेल्या नळीचा नेम किती ढळला तर चालेल, याची आज तक्रार होत होती तशी अट सरकारने करारात घातलीच नव्हती. जर्मनीसारख्या काटेकोर देशात हे घडले. विदेशी शिक्का ही हमी नव्हे आणि नुसता वॉरंटीचा कागदही हमी नव्हे. कागदावर सैनिकाची खरी गरज लिहिलेली असेल, तेव्हाच त्याचा उपयोग. आपल्यालाही रशियन क्रॅस्नोपोल तोफगोळ्यांनी उंच पहाडावरील चाचण्यांत दगा दिला होता. दोष दाखविल्यावर पुरवठादाराने उंचीकडे आणि हवामानाकडे बोट दाखविले. हिमालय उंच आहे, ही बातमी त्याला खरेदीनंतर कळली असावी!

सोळा वर्षे

व्यवस्था बदला, हे सांगणारे आपल्याकडे नव्हते असे नाही. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००५ मध्ये आयुध कारखान्यांना कंपनीचे रूप द्या, असे सुचविले. इतरही समित्यांनी तेच सांगितले. अंमलबजावणी झाली १ ऑक्टोबर २०२१ रोजी. मंडळ बरखास्त होऊन सात कंपन्या झाल्या. दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय आपल्या पुण्यात आहे. जुनी इंडेंटे करार मानली गेली. या सोळा वर्षांत सरकारे आली आणि गेली. कोणालाच या गाठीला हात घालावासा वाटला नाही.

या विलंबात एक अप्रिय सत्य आहे आणि ते आपल्याच पानांवर लिहिले पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये या बदलाविरुद्ध संरक्षण कामगारांच्या तिन्ही प्रमुख महासंघांनी संप पुकारला. डाव्यांची आणि काँग्रेसप्रणीत संघटना त्यात होती, तसाच भारतीय प्रतिरक्षा मजदूर संघही होता. कामगाराला आपल्या भवितव्याची चिंता वाटणे स्वाभाविक आहे. निवृत्तिवेतन, सेवाशर्ती, खासगीकरणाची भीती, हे प्रश्न खोटे नाहीत आणि सरकारनेही संवादापेक्षा कायद्याचा बडगा अधिक उगारला. परंतु दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये मजदूर संघाची स्थापना करताना कामगाराच्या हक्काआधी देशहिताच्या कामाचे नाव घेतले होते. संपाच्या त्या पत्रकांतून कामगाराच्या नोकरीची हमी मागितली गेली, तशीच त्याच्या हातून घडलेल्या शस्त्राची हमी द्यायला आम्ही तयार आहोत, असेही ठणकावून सांगितले गेले असते, तर सरकारची पंचाईत झाली असती आणि समाज कामगाराच्या पाठीशी उभा राहिला असता. ती संधी गेली.

आता इन्सासची जागा एके-२०३ घेत आहे. उत्तर प्रदेशातील अमेठीजवळच्या कोरवा येथे भारत-रशिया संयुक्त कंपनी ती बनविते. डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक रायफलींचा करार झाला, जानेवारी २०२३ मध्ये उत्पादनास आरंभ झाला. या वेळी इंडेंट नाही, करार आहे. म्हणजे आजवर जी सबब होती ती संपली आहे. दोष आढळला तर तो कोणाच्या माथी, हे लिहून ठेवायला प्रथमच वाव आहे.

मग ते लिहून ठेवले आहे काय, हे विचारण्याचा अधिकार नागरिकाला आहे. कराराची गुप्त कलमे उघड करा, असे कोणी म्हणत नाही. किती पल्ल्याला किती नेम, हे शत्रूला कळण्याचे कारण नाही. पण सियाचीनच्या थंडीत, राजस्थानच्या वाळूत आणि कोकणच्या खाऱ्या हवेत ठेवून ही रायफल पारखली गेली का? पहिल्या हजार रायफलींपैकी किती परत आल्या? परत आलेल्या किती दिवसांत बदलून मिळाल्या? जवानाने लिहिलेला दोषाचा अहवाल कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचतो, की मधल्या सहा टेबलांवर निजून राहतो? हे आकडे दर वर्षी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीसमोर ठेवण्यात अडचण कसली? आणि तपासणीचे महानिदेशनालय उत्पादन विभागाच्या छताखालून काढून, रायफल ज्यांना वापरायची त्या सेनादलांकडे सोपवायला आणखी किती समित्या लागणार आहेत?

धारावीच्या टेकडीवरून उतरताना चौकच्या किनाऱ्यावर थांबलो होतो. पावसाळी मासेमारीबंदी संपत आली होती. एका बोटीवर नवे इंजिन बसविले जात होते. कंपनीचा मेकॅनिक घामाघूम होऊन आत वाकलेला आणि म्हातारा तांडेल त्याच्या डोक्यावर उभा. बंदरातल्या बंदरात तिसऱ्यांदा इंजिन चालवून बघणे चालले होते. मेकॅनिक वैतागला होता. वर्षाची वॉरंटी आहे, काही झाले तर कंपनी बदलून देईल, असे तो परोपरीने सांगत होता. मी गमतीने तांडेलांना म्हटले, “काका, एवढी वॉरंटी आहे तर सोडा की त्याला आता.”

“भर दर्यात बंद पडलं तर तो कागद कुणाला दाखवू, दादा?” तांडेल म्हणाले. “वॉरंटी किनाऱ्यावरच्या माणसाला. आम्ही जाऊन येतो तोवर हा इथंच चहा पीत बसणार.”

मग त्यांनी त्या मेकॅनिकला बोटीत बसविले आणि खाडीच्या तोंडापर्यंत घेऊन गेले. कोरव्यातून निघणाऱ्या रायफलीच्या पुढच्या खेपेबरोबर तिच्यावर शिक्का मारणारा निरीक्षक आणि कंपनीचा अभियंता यांना हिवाळ्यात महिनाभर द्रासच्या चौकीवर ठेवायला संरक्षण मंत्रालयाची हरकत असू नये.